सावतोबांचा मळा आणि आपली मोरी

मायबापहो, अरणच्या सावता महाराजांनी शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली, मळ्यातच देह ठेवला. पंढरी तिथून फार दूर नव्हे. तरी ते मळा सोडून गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. कीर्तनात हे ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येऊन काय करतो? द्वादशीच्या पारण्याला पंगत मोठी दिसावी म्हणून उसनवारी!

मीही केली. पुरणपोळी झाली, मंडळी तृप्त झाली. पुढे आठ महिने वाण्याची बाकी फेडीत होतो. हरिपाठाला बसावे तर ओठांवर नाम अन् मनात आकडा. एके दिवशी घरातून विचारणा झाली, "पांडुरंगानं पोळी मागितली होती का तुमच्याकडं?" मी काय बोलणार?

तेव्हापासून मोरीमागे चार हातांचा वाफा आहे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी तिकडे जाते; साबणाचे नव्हे हो. मेथी महिनाभरात खुडायला येते. कुंपणावर घेवडा चढतो. मुळ्याचा पाला लोक उकिरड्यावर टाकतात. तोच मूगडाळ घालून परतावा, भाकरीशी झकास लागतो. आणि तण काढताना नाम आपसूक येते, मधे आकडा येत नाही.

याला कोणी कंजूषपणा म्हणतात. गेल्या द्वादशीला पाच माळकरी अवचित दारी आले. भाजी पुरली, भाकऱ्या मात्र हिला पुन्हा थापाव्या लागल्या.