पहारा कोणासाठी?

पहारेकऱ्याला मानवी हक्क शिकवावेत की नाही, हा वाद आता उरलेला नाही. १९९३ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग दिल्लीत केंद्रीय सशस्त्र दलांसाठी याच विषयावर वादविवाद स्पर्धा भरवीत आला आहे. दादरीच्या औष्णिक केंद्रावर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवानही अशा स्पर्धांत हिरिरीने बोलतात. प्रश्न त्यापुढचा आहे : जे शिकले ते कुंपणापाशी टिकते काय?

त्याचे उत्तर शोधण्यास आपल्या कोकणाकडे वळावे लागते. अटक कशी करावी, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा दंडक घालून दिले. त्याला सहा महिनेही झाले नव्हते, तोच ३ जून १९९७ रोजी पहाटे गुहागर तालुक्यातील वेलदूर गावात पोलीस शिरले. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध करणाऱ्या कोळी कुटुंबांतील स्त्रियांना घरांतून ओढून काढून मारहाण झाल्याचे अम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी नोंदविले. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, ही गोष्ट ह्यूमन राइट्स वॉचच्या जानेवारी १९९९ च्या अहवालाने पुढे आणली.

येथे नियमांचे अज्ञान हे कारण पुरेसे वाटत नाही. ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्याच पैशावर पहारा उभा राहिला, की कुंपणाच्या आतले ते आपले आणि बाहेरचे ते परके, अशी दृष्टी नकळत जडते. औद्योगिक सुरक्षा दलाचा खर्चही ज्या त्या उद्योगाकडूनच वसूल होतो. त्यात स्वतःहून काही गैर नाही. राखण ज्याची, खर्च त्याचा, हा व्यवहार जुनाच आहे. मात्र पगार कोठूनही येवो, शिपायाच्या अंगावरचा गणवेश राज्याचा असतो, आणि कुंपणाबाहेर घोषणा देणारी कोळीणही त्याच राज्याची नागरिक असते. वीज तिच्याही घरासाठी आहे, असे सांगूनच तर तिचा किनारा मागितलेला असतो!

कोणी म्हणेल, हुकूम पाळणे हाच शिपायाचा धर्म. मान्य, पण मग हक्कांचा धडा एकट्या शिपायाला देऊन भागत नाही. हुकूम लिहिणारा, तो टंकित करणारा, खर्चाचे देयक मंजूर करणारा, हे सारेच त्या वर्गातले विद्यार्थी ठरतात. आपण मराठी मंडळी येथे मंत्रालयांतून बसतो, ती याच मेजांवर. प्रकल्पाकडून आलेल्या बंदोबस्ताच्या मागणीवर ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी चटकन लागते. कुंपणाबाहेरून आलेल्या तक्रारीवर ती किती दिवसांनी लागते, एवढे ज्याने त्याने आपल्या मेजावर पाहावे. जवानाच्या प्रशिक्षणाची खरी परीक्षा बहुधा तेथेच होऊन गेलेली असते.