सुंदर अक्षराचा गुन्हा

चिनी सुलेखनाच्या इतिहासात झाओ मेंगफूइतकं (1254–1322) देखणं अक्षर मोजक्यांचंच. आणि इतकं देखणं अक्षर असून इतक्या शिव्या खाल्लेला माणूस तर शोधूनही सापडायचा नाही. सोंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाचा तो अकराव्या पिढीतला वंशज. 1276 मध्ये मंगोलांनी राजधानी हांगचौ घेतली, 1279 मध्ये सोंग सत्ता पुरती बुडाली. 1286 मध्ये कुबलाई खानाचा माणूस दक्षिणेतले विद्वान हेरत आला, तेव्हा हा राजवंशी तरुण त्याच्या बोलावण्यावरून उत्तरेला, म्हणजे आजच्या बीजिंगला, जाऊन नोकरीला लागला. पुढे एकूण पाच बादशहांची चाकरी केली.

हे किती बोचलं असेल ते त्याच्या भोवतालची माणसं पाहिली की कळतं. वेन थिएनश्यांग या सोंग मंत्र्याने कुबलाईची नोकरी नाकारली आणि 1283 मध्ये त्याच राजधानीत मरण पत्करलं. झेंग सिश्याव ऑर्किड रंगवायचा, पण मुळांखाली माती काढायचा नाही. माती परक्यांनी नेली, एवढंच कारण. झाओच्या गावचा, वूशिंगचा ज्येष्ठ चित्रकार छिएन श्वान चित्रं विकून पोट भरत राहिला, दरबारात गेला नाही.

लोकांनी मग एक गोष्टही रचली. झाओचा नात्याने भाऊ लागणारा झाओ मेंगजिएन हा नावाजलेला चित्रकार. मेंगफू त्याला भेटून गेल्यावर त्याने म्हणे पाहुण्याची बसायची जागा धुवून घेतली. गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की हा मेंगजिएन सोंग सत्ता बुडण्याच्या कितीतरी आधी वारला होता. मेलेल्या माणसाकडून बैठक धुवून घ्यावी इतका लोकांचा राग होता.

या रागाला एक जुना सिद्धांत पाठीशी होता. थांग काळातल्या ल्यू गोंगच्वान या सुलेखनकाराने सम्राटाला सांगितलं होतं, की मन सरळ असेल तर कुंचला सरळ चालतो. बंडखोरांपुढे न झुकता 785 मध्ये मारल्या गेलेल्या यान झेनचिंगच्या जाड, ताठ अक्षरांत लोकांना त्याची निष्ठा दिसत आली. मग झाओची डौलदार, गोलाईची अक्षरं? ती लाचार ठरली. कागदावरचं नाव झाकून ठेवलं तर त्या रेषांत फितुरी कुणाला दिसली असती, असं मला राहून राहून वाटतं. आधी माणसाचा निकाल लागतो, रेषेतला पुरावा मागाहून सापडतो.

पण ‘कला वेगळी, माणूस वेगळा’ म्हणून झाओला सोडवणंही मला सोपी पळवाट वाटते. त्याचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास नव्हता. खडक आणि विरळ झाडं रंगवलेल्या एका पटावर त्याने लिहून ठेवलंय, की खडक, झाड, बांबू हे सगळं सुलेखनाच्याच हातवळणांनी काढायचं असतं. लेखन आणि चित्र मुळात एकच. म्हणजे चित्रातही माणसाचा हात उघडा पडणारच. नोकरी धरल्याची खंत त्याने कवितेतही मांडली आहे.

त्याचं 1296 चं ‘छ्याव आणि ह्वा डोंगरांवरचे शरद-रंग’ हे चित्र पाहावं. आज ते तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. एक डोंगर टोकदार, दुसरा बसका; मधे दलदल, कोळी, चरणारी जनावरं. आकारांची मापं मुद्दाम जुन्या, भाबड्या पद्धतीची. दक्षिण सोंग दरबारातलं लोभस धुकं इथे नाही. झाओने ते केलं झोउ मी या मित्रासाठी. झोउचं मूळ घराणं या डोंगरांजवळच्या जिनानचं, पण 1127 मध्ये उत्तर चीन जुरचेन आक्रमकांच्या हाती गेल्यावर ते दक्षिणेत आलं. झोउने पूर्वजांचा मुलूख कधी पाहिला नव्हता. मंगोलांनी उत्तर-दक्षिण एक केली, झाओची जिनानला नेमणूक झाली, म्हणूनच ते डोंगर त्याच्या नजरेस पडले. आणि झोउ मी कोण? मंगोलांची नोकरी न धरलेला माणूस. त्याला त्याची हरवलेली भूमी मिळाली ती नोकरी धरलेल्याच्या हातून. त्याने ती भेट घेतली. नंतरच्या टीकाकारांना ही मैत्री बहुधा गैरसोयीची वाटली असावी.

नोकरीतही तो नुसता मुजरे करत नव्हता. 1290 च्या भूकंपानंतर लोकांची थकलेली करबाकी माफ व्हावी म्हणून त्याने खटपट केली, आणि ज्याच्या नावाने सगळे कापत होते त्या सांगा या मंत्र्याच्या पाडावातही त्याचा हात होता. याने पाप धुतलं जातं असं मी म्हणत नाही. पण ‘फितूर’ या एका शिक्क्यात हे मावत नाही.

सगळ्यांत कडवट टीका फू शान या सुलेखनकाराची (1607–1684). तरुणपणी जुन्या थोरांची अक्षरं त्याला साधेनात, झाओचं अक्षर मात्र थोड्या दिवसांत हुबेहूब जमलं. पुढे त्यानेच यावर भाष्य केलं, की सज्जनांची संगत कठीण, दुर्जनांची लगेच जडते. मुलानातवंडांना त्याने यान झेनचिंग गिरवायला सांगितलं. त्याला हे बोलण्याचा अधिकार होता; 1644 मध्ये मिंग सत्ता गेली, आणि पुढे मांचू बादशहाने परीक्षेला बोलावलं तेव्हा म्हाताऱ्या फू शानने ती दिली नाही.

याच फू शानने झाओबद्दल आणखी एक टिपण ठेवलं आहे. माणूस आवडला नाही म्हणून अक्षरही आवडलं नाही, पण अलीकडे नीट निरखून पाहिल्यावर ते अगदीच निंदण्यासारखं वाटत नाही, असा त्याचा आशय. झाओच्या बाजूने याहून भक्कम साक्ष मला माहीत नाही.