बाप्तिस्म्यानंतर

वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल या वसाहतींत आज जी मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहतात, त्यांतील पुष्कळांची मुळे अहमदनगर आणि जालन्याकडील खेड्यांत आहेत. आणि ज्या पूर्वजाने प्रथम बाप्तिस्मा घेतला त्याची आठवण, कोठे तर त्याचा जीर्ण दाखलाही, त्या घरांत आदराने जपलेला आढळतो. हा आदर सर्वथा योग्य आहे, कारण ज्या काळी बाप्तिस्मा म्हणजे भावकीला आणि गावच्या पाणवठ्याला मुकणे होते, त्या काळी तो घेणाऱ्याच्या ठायी असामान्य धैर्य होते. परंतु जो जन्मतःच मंडळीच्या नोंदवहीत दाखल झाला, ज्याचे दृढीकरण यथाविधी पार पडले, जो दर रविवारी उपासनेस रुजू असतो, त्याच्या आत्म्याचे नवीकरण म्हणजे काय, हा प्रश्न त्या दाखल्याने सुटत नाही. नव्या जन्माची गोष्ट ख्रिस्ताने ज्याच्यापाशी काढली तो निकदेम धर्महीन नव्हता. तो परूशी होता, यहूद्यांचा अधिकारी होता, इस्राएलाचा गुरू म्हणून मान्यता पावलेला होता. म्हणून मला वाटते की, हा उपदेश धर्माबाहेरच्या मनुष्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धर्मात मुरलेल्या मनुष्यासाठी आहे.

याचे सर्वांत प्रांजळ उदाहरण आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, मायदेशी परतून १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले, विधवांच्या शिक्षणासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. आणि तरीही पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी निःसंकोचपणे नमूद केले की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. विल्यम हॅस्लम नामक इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे चर्चचे दीक्षित उपदेशक होते, आणि १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये व्यासपीठावर उभे राहून स्वतःच प्रवचन करीत असता त्यांस आपल्या तारणाची प्रथम प्रतीती आली. उपदेशकासही उपदेश लागू पडतो, हे त्या वृत्तान्तातून रमाबाईंस उमगले. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती ही पदवी दिली होती, तिने आपल्या विद्वत्तेचा आणि सत्कृत्यांचा हिशेब बाजूस ठेवून, आपण केवळ कृपेस पात्र असलेली एक पापी व्यक्ती आहोत, असे बालकाप्रमाणे मान्य करावे, यापरते मोठे स्थित्यंतर मला दुसरे दिसत नाही.

मधली ती आठ वर्षे वाया गेली, असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्या या वसाहतींत खाजणावर भराव टाकला म्हणजे तो बसेपर्यंत थांबावे लागते, आणि वरून काहीच घडत नाही असे दिसत असता खालची माती आपले पाणी सोडून घट्ट होत असते. रमाबाईंच्या अंतरंगात त्या काळात असेच काही चालले असावे. कारण त्यानंतर जे उभे राहिले त्याचा भार सामान्य नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या सुमारे ३०० अनाथ मुली आणि विधवा, केडगावचे मुक्तिसदन, आणि हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून मृत्यूच्या उंबरठ्यावर, १९२२ साली, पुरे केलेले बायबलचे मराठी भाषांतर, हे सर्व त्या पायावरचे आहे. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी नित्य प्रार्थनेसाठी हाक दिली तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या, आणि जूनअखेर तेथे ते संजीवन झाले ज्याची वार्ता परखंडांतही पोहोचली. त्या दिवसांतील अश्रू, आक्रोश आणि पापांची उघड कबुली यांविषयी त्या काळीही अनेकांनी साशंकता दर्शविली. मी त्या भावनावेगास खोटा म्हणणार नाही. मात्र ज्या मुलींनी तो अनुभवला त्या पुढे टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास निघाल्या, ही गोष्ट मला त्या अश्रूंपेक्षा अधिक बोलकी वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी होती. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने बावीस वर्षांनी, १९१७ साली, मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून स्थान होते. १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले, आणि तो दरबार बाल्यावस्थेतच राहिला. पंचावन्नाव्या वर्षी सुरक्षित आश्रय सोडावयास लावणारी ती अस्वस्थता मला त्यांच्या उत्कृष्ट अभंगांइतकीच पूज्य आहे.

पण मला सर्वाधिक जवळची वाटते ती टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची कथा. पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे त्यांनी सोवळेओवळे कसोशीने पाळले, ख्रिस्ती वस्तीत राहूनही आपली चूल वेगळी ठेवली. आणि पुढे जातिभेद ईश्वराने नव्हे, मनुष्याने निर्माण केला, हे एकदा मनास पटताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग त्यांनी कोणताही आविर्भाव न आणता सांगितला आहे. आधी अंतःकरण पालटले, मग चूल, आणि विधी सर्वांच्या शेवटी आला.

आज आमच्या मंडळ्यांत संजीवन सभा होतात, पाळक कळकळीने बोलतात, लोक गुडघे टेकतात, आणि त्याच कुटुंबांतून मुलामुलींचे विवाह जुळविताना समोरच्यांचे पूर्वज कोणत्या जातीचे होते याची चौकशी हलक्या आवाजात केली जाते. हे लिहिताना मला क्लेश होतात, परंतु ते लपविण्यात अर्थ नाही. पुढील उपवासकाळाच्या सभांची पत्रके छापावयास देण्यापूर्वी प्रत्येक मंडळीच्या पंच कमिटीने या एका विषयावर वडीलधाऱ्यांना आणि तरुणांना एकत्र बसवून उघडपणे बोलणे करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.