पाणी मानवणे

आमच्या घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट खोल अशी एक नदी आहे. तिला उगम नाही, मुख नाही, आणि पूर तर सहसा येतच नाही. आलाच तर तो सौ.च्या चटईवर येतो आणि त्याचे पडसाद दोन दिवस स्वयंपाकघरात उमटत राहतात. काचेच्या त्या पेटीत वाळू आहे, हिरवी पाणवनस्पती आहे, नारळाची एक पालथी करवंटी आहे आणि बोटाएवढे दोन मासे आहेत. या दोन माशांनी गेल्या वर्षभरात मला जे शिकवले, ते माझ्या मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणात आले नव्हते. आणि पुढे वीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवताना व रात्री जागून कादंबऱ्या लिहितानाही ते हाती लागले नव्हते.

फराळाच्या ताटाशेजारी मास्तरांनी मासे कुठे काढले, असे कोणी म्हणेल. पण हे मासे खायचे नव्हेत, निवडायचे आहेत; आणि निवड ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. जे आपल्याला आवडले ते आपण घरी आणतो. आणलेल्या जिवाला आपले घर आवडेल की नाही, हे आपण कधी विचारतो?

त्याचे झाले असे. गेल्या दिवाळीनंतर आठवीतल्या आमच्या धाकटीला घेऊन मी एका मोठ्या शहरात गेलो होतो. तेथे माशांच्या एका दुकानात निळ्या दिव्याखाली एक जोडी पोहत होती. पिवळे तोंड, डोळ्यावरून खाली उतरणारा काळा पट्टा, आणि अंगभर निळ्या टिकल्या अशा, की माझ्या रंगाच्या पेटीला लाज वाटावी. दुकानदार म्हणाला, "हा रॅम." धाकटी काचेला नाक लावून उभी राहिली. चित्रकलेच्या शिक्षकाची मुलगी ती! आणि खरे सांगायचे तर तिच्याहून अधिक मीच भुललो होतो. किंमत ऐकून एकदा खिसा चाचपला, आणि प्राणवायू भरलेल्या पिशवीतून ती जोडी आमच्या गावी, चिखली तालुक्यात आली. पेटी आठ दिवसांपूर्वीच भरलेली होती. विहिरीचे स्वच्छ, काचेसारखे पाणी होते.

नवव्या दिवशी नर गेला, बाराव्या दिवशी मादी. धाकटी रडली नाही. परसातल्या तुळशीशेजारी तिने दोन लहान खड्डे केले आणि संध्याकाळी मला विचारले, "बाबा, आपलं पाणी त्यांना चालतं का, हे आपण विचारलं होतं का?"

दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने मला मासा दाखवला, मी मासा पाहिला. पाणी मात्र दोघांनीही पाहिले नाही.

मग मी वाचायला बसलो. आधी करायचे ते मास्तर नेहमी नंतर करतात. रॅम हा सिक्लिड नावाच्या मोठ्या घराण्यातला बुटका मासा. हे घराणे मुख्यतः आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत पसरलेले आहे. भारतात त्याच्या मोजक्याच जाती. केरळात जिला करीमीन म्हणतात आणि गोव्यात कालुंदर, ती त्यांतलीच. रॅमचे गाव म्हणजे व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांतला ओरिनोको नदीचा प्रदेश. शास्त्रज्ञांनी त्याचे बारसे 1948 साली केले. त्याला हवे मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी, आणि तेही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांइतके ऊबदार. शिवाय पेटी मुरलेली हवी. माशाच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत वस्तीला यायला महिनाभर तरी लागतो. मी आठ दिवसांच्या पेटीत, कार्तिकातल्या घाटावरच्या थंडीत, विहिरीच्या जड पाण्यात त्यांना सोडले होते. आमच्या विहिरी काळ्या पाषाणात खोदलेल्या. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन म्हणतात. सौ.ला हे लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होते. मला ते डाळीपुरतेच खरे वाटत होते.

पाणी डोळ्यांना दिसते तेवढेच नसते, हे खरे तर बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको. लोणारच्या सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी, की शास्त्रज्ञांनी मोजलेला त्याचा सामू दहाच्या आसपास भरला. 2020 च्या जूनमध्ये तर ते पाणी गुलाबी झाले आणि जगभर त्याची चित्रे गेली. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. दोन्ही पाणी ओंजळीत घ्या, रंग एकच. आमच्या जिल्ह्याचे आम्हीच दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात गेले, की शेगाव, संग्रामपूर, जळगाव-जामोद या बाजूला खारपाण पट्टा लागतो. काळीभोर, सोन्यासारखी जमीन, आणि तिच्या पोटात खारट पाणी. अकोला, अमरावतीकडेही हा पट्टा पसरलेला आहे.

त्या खारपाण पट्ट्यात माझी थोरली बहीण दिली आहे.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. स्थळ पाहायला वडिलांबरोबर, काकांबरोबर मीही गेलो होतो. घर पाहिले, बैलजोडी पाहिली, कपाशीचे शेत पाहिले. मुलगा निर्व्यसनी, शिकलेला. अंगणात विहीर होती. पाणी भरपूर आहे, असे म्हणून काकांनी मान डोलावली. चहा झाला, फार छान झाला. त्या चहाचे पाणी दुसऱ्या गावाहून बैलगाडीने आणलेले होते, हे पुढे कळले. पाहुण्यांना विहिरीचे पाणी देत नसत. तेही काही फसवणुकीने नव्हे. पाहुण्याला गोड पाणी द्यावे, ही रीतच. आणि आमच्यापैकी एकानेही विहिरीत पोहरा सोडून घोटभर पाणी चाखून पाहिले नाही.

ताईचे घरचे लोक चांगले निघाले. मेव्हण्यांनी तिला कधी वाकडा शब्द बोलल्याचे ऐकले नाही. पण सात-आठ वर्षांत तिची तब्येत खालावत गेली. मूत्रपिंडाचे दुखणे म्हणून निदान झाले. डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्याला कारण एकच नसते. सगळा दोष पाण्यावर टाकू नका. तेही खरे असेल. परंतु ताईचे एकच म्हणणे, "मले इथलं पानी मानवलं नाई रे, बापू." मग घटकाभर थांबून ती म्हणते, "पन मले इचारलं कोनी होतं?"

हे वाक्य ती रागाने म्हणत नाही. रागाने म्हटले असते तर मी त्यावर काहीतरी उत्तर दिले असते.

माशाला विचारता येत नाही. म्हणून माणसाने त्याच्या वतीने पाण्याला विचारायचे असते. बहिणीला विचारता येत होते.

रिकामी पेटी तशीच दिवाणखान्यात होती. आता काय करावे? पहिला मार्ग पाणी बदलण्याचा. आजकाल घरोघरी पाणी गाळणारी यंत्रे आली आहेत. त्यांतून मऊ पाणी मिळते. पण ते यंत्र जेवढे पाणी गाळून देते, त्याहून अधिक बाजूला सांडते. चैत्र-वैशाखात ज्या गावाच्या बाया टँकरपुढे हंडे मांडतात, त्या गावात दोन माशांच्या निळ्या टिकल्यांसाठी पाणी सांडायचे? माझे मन धजले नाही. अॅमेझॉनच्या खोऱ्यातले अॅपिस्टोग्रामा नावाचे दुसरे बुटके मासे आहेत. ते पाचोळ्यात राहतात. त्यांच्यासाठी हौशी लोक देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात टाकतात. आमच्या शाळेच्या पटांगणात तो वृक्ष आहे. मी पाने आणून एका बादलीत टाकून पाहिली. पाण्याला चहासारखा सुंदर रंग आला. पण सामू जिथल्या तिथे. जड पाण्याला पानांचा रंग चढतो, स्वभाव बदलत नाही. वरवर रंग देऊन जिवाला फसवण्याचा हा प्रकार मला, वर्षानुवर्षे रंग देत आलेल्या माणसाला, फारच ओळखीचा वाटला.

दुसरा मार्ग पेटी रिकामी ठेवण्याचा. तो सर्वांत निर्मळ, आणि सौ.चे मतही त्याच बाजूला होते. जीव कोंडून ठेवण्याचा आपल्याला अधिकारच काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मी एवढेच जाणतो, की ज्याने एकदा कोणाला घरात आणले, त्याला या प्रश्नाचे उत्तर रोज हाताने द्यावे लागते.

तिसरा मार्ग आपल्या पाण्याला मानवेल असा जीव शोधण्याचा. नायजेरियाकडच्या नद्यांतला क्रिबेन्सिस नावाचा बुटका सिक्लिड आहे. जड पाणी तो सोसतो, पाणवनस्पतीची फारशी नासधूस करत नाही. मुळांशी थोडे उकरतो, इतकेच. राहायला त्याला गुहा हवी. ती करवंटीला दार पाडून होते. त्याच्याविषयी जाणकार एक गोष्ट आवर्जून सांगतात. नर-मादी म्हणून दोन मोठे मासे उचलून आणू नका. पाच-सहा पिल्ले आणा, ती आपसांत जोडी ठरवतील. म्हणजे जोडी लावायची नसते, लागू द्यायची असते. या जातीत मादी रंगाने अधिक खुलते, पोटावर गर्द लाल होते, आणि पुढाकारही बहुधा तीच घेते.

पेटी दीड महिना नुसत्या वनस्पतींसह मुरू दिली. माघात सहा पिल्ले आणली. मळकट, करड्या रंगाची. धाकटीचे तोंड एवढेसे झाले. "बाबा, हे तर आपल्या ओढ्यातल्यासारखेच दिसतात." मी म्हटले, "थांब." खरे तर मलाही थांबणे जड जात होते.

चैत्रात दोघांनी करवंटी बळकावली आणि उरलेल्या चौघांना कोपऱ्यात पिटाळले. तेव्हा धाकटीने उदार मनाने सुचवले, "या चौघांना गावच्या तलावात सोडून देऊ. मोकळे राहतील." दयाळूपणाने केलेली चूक कशी असते, ते मला तिला दाखवावे लागले. त्या रविवारी आठवड्याच्या बाजारात मी तिला मासळीवाल्या बाईपाशी नेले. टोपलीत चिलापी होती. चिलापी हीही सिक्लिडच, आफ्रिकेतली. 1952 साली ती भारतात आणली गेली. हेतू चांगला होता, गरिबाला स्वस्त मासा मिळावा हा. तिला जवळजवळ प्रत्येक पाणी मानवले. पिल्ले तोंडात सांभाळणारी ही माता तळ्यातळ्यांत वाढत गेली आणि कितीतरी ठिकाणी गावच्या जुन्या माशांना तिने जागा उरू दिली नाही. एखाद्याला आपले पाणी न मानवणे वाईट. पण फार मानवणे हेही दुसऱ्यांना महाग पडते. निवड करताना मी आणि मासा असे दोघेच नसतो, गावचा तलाव हा तिसरा असतो. ते चौघे आम्ही पिशवीत घालून दुकानात परत नेऊन दिले. एस.टी.चे भाडे माशांच्या किमतीहून अधिक झाले. सौ.ने हिशेब मांडला. मी ऐकून घेतला.

यंदा राखीला ताई आली, बरोबर भाचीला घेऊन. भाची तेवीस वर्षांची, नुकतीच शिक्षण संपवून घरी आलेली. मी त्यांची वाट पाहत होतो त्याला आणखी एक कारण होते. एक उत्तम स्थळ माझ्याकडे आले होते. घाटावरचे, गोड पाण्याचे! मुलाची सगळी माहिती लिहिलेला कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. ताईवर झालेला अन्याय तिच्या लेकीच्या बाबतीत मी भरून काढणार होतो. मनात वाक्येसुद्धा जुळवून ठेवली होती.

जेवणे झाली. ताई पेटीसमोर बसली. करवंटीच्या दारातून इवल्या पिल्लांचा थवा बाहेर पडत होता. आई पुढे, बाप मागे. लाल पोटाची ती मादी पाण्यात निखाऱ्यासारखी दिसत होती. ताई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "यायले पानी मानवलं."

धाकटी म्हणाली, "आत्या, आम्ही आधी पाण्याला विचारलं."

ताई हसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. खिशातला कागद मला एकाएकी जड वाटू लागला. गोड पाण्याचे गाव मी निवडले होते, मुलगा मी निवडला होता, आणि ज्या मुलीसाठी हे सारे, ती शेजारच्या खोलीत मावळत्या उजेडात काहीतरी वाचत बसली होती. पंचवीस वर्षांत मी एवढेच शिकलो होतो, की पोहरा सोडून पाणी चाखावे. तेही मीच चाखणार होतो.

मी उठून तिच्याकडे गेलो. कागद काढला नाही. म्हटले, "बाई, तुझ्या मनात पुढचं काय आहे? लग्नाचं, नोकरीचं, कशाचंही. मला ठाऊक नाही, म्हणून विचारतो."

तिने पुस्तक मिटले. मामाने असे विचारावे याची तिला सवय नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामा, विचार करून सांगते."

तिचे उत्तर अजून आलेले नाही. कागद ज्यांचा होता त्यांना परत पाठवला आहे. पेटीतले पाणी दर रविवारी थोडे बदलतो, आणि वाट पाहतो.