मांजराची दिंडी

वारकरी सज्जनहो, दिंडी हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे पताका, टाळकरी, वीणेकरी, तुळशी डोक्यावर घेतलेल्या आयाबाया उभ्या राहतात. पण या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. मोठ्या दरवाजाच्या फळीत जे लहानसे दार ठेवलेले असते, त्यालाही आपले वाडवडील दिंडीच म्हणत. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला. त्याच्या दिल्ली दरवाजाला अशी दिंडी आहे. अंबारीचा हत्ती आला तर सबंध दरवाजा उघडावा आणि एकटे माणूस आले तर दिंडी. दार एकच, पण ज्याच्या त्याच्या मापाप्रमाणे वाट.

आज आम्ही याहूनही लहान दिंडीविषयी लिहिणार आहोत. घराच्या दारात, खालच्या अंगाला, मांजरापुरती झडप ठेवावी की नाही, हा तो प्रश्न. "अहो, परमार्थाच्या मासिकात मांजर कुठून शिरलं?" असे कोणी म्हणेल. मांजर कुठूनही शिरते, हे खरेच आहे. निदान पूर्वी तरी शिरत होते. आता शिरता येत नाही, म्हणूनच हा लेख.

आपल्या हिंगोलीकडची जुनी घरे आठवून पाहा. कयाधूच्या काठची गावे घ्या, औंढ्याकडची घ्या, की सेनगाव-कळमनुरीकडची. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, माळवदाला उजेडासाठी ठेवलेला झरोका, दाराच्या फळ्यांत फटी, उंबऱ्याखाली पोकळी. घरात ज्वारीच्या कणग्या. कणगी आली की उंदीर आला, आणि उंदरामागे मांजर आले. ही सोयरीक फार जुनी आहे. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले होते. कुत्रा शिकारी माणसाच्या संगतीने आला आणि मांजर शेतकऱ्याच्या धान्याच्या संगतीने. त्याला कोणी पकडून आणले नाही. ते आपल्या पायांनी आले आणि आपल्या पायांनी जाई.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्यानंतरच्या वर्षांत खेड्यापाड्यांतूनही घरांचे रूप पालटले. हळदीचे, सोयाबीनचे दोन पैसे हाती आले, घरकुले झाली, सिमेंटचा स्लॅब पडला, लोखंडी दार बसले, खिडकीला डासांची जाळी लागली. हे चांगलेच झाले. पावसाळ्यात गळक्या घरात लेकरू कुशीत धरून रात्र काढणाऱ्या माउलीला विचारा, ती सांगेल. परंतु या सगळ्यात मांजराची वाट बुजली. कोणी ठरवून बुजवली नाही. आपण आपली सोय पाहिली, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची सोय त्या गडबडीत गेली. जगातला पुष्कळसा अन्याय असाच घडत असावा. कोणाच्या मनात वाईट नसते. फक्त नकाशा काढताना कोणाची तरी आठवण राहत नाही.

मग मांजर दाराबाहेर बसून ओरडते. घरचे माणूस उठते, दार उघडते, मांजर आत येते. घटकाभराने ते पुन्हा दाराशी उभे. पुन्हा उठा. दोन दिवस कौतुक, तिसऱ्या दिवशी वैताग, चौथ्या दिवशी पायताण. सज्जनहो, येथे आमच्या मते खरा विचार आहे. आपण भूतदया भूतदया म्हणतो. दया चांगली, पण दयेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. देणाऱ्याचे मन असेल तेव्हा दार उघडते, नसेल तेव्हा नाही. ज्ञानोबारायांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितले. त्यात जिवांनी एकमेकांवर दया करावी असे मागितलेले नाही; जिवांचे आपसांत मैत्र व्हावे असे मागितले आहे. मैत्र म्हणजे बरोबरीचे नाते. मित्राला आपल्या घरी येण्यासाठी दारात ओरडत बसावे लागत नाही. त्याला वाट ठाऊक असते आणि ती वाट मोकळी असते. दार उघडून मांजराला आत घेणे ही दया झाली, आणि त्याची त्याला ये-जा करता येईल अशी वाट ठेवणे हे मैत्र झाले. शिवाय ही वाट काही नवीन दिलेली नाही. हजारो वर्षे त्याची असलेली, आपण चुकून बुजवलेली, तीच परत केली. त्यात उपकाराची भाषा नको.

नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नर्सीला मानते, ती नर्सी आपल्याच जिल्ह्यात. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. तिच्यातली एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. कुत्र्याने मागितले नव्हते, परवानगी घेतली नव्हती. ते आपल्या मर्जीने आले आणि घेऊन गेले. रायांनी "विचारल्याशिवाय कसा आलास?" असे म्हटले नाही. त्याची पोळी कोरडी आहे एवढेच त्यांना दिसले.

आता आक्षेप पाहू, कारण आक्षेप खरे आहेत.

पहिला आक्षेप आमच्या मातामाउलींचा. "उंबऱ्याची आपण पूजा करतो, दारावर गणपती असतो, त्या दाराला भोक कसं पाडायचं? मांजर विटाळ करील, नैवेद्याला तोंड लावील." नैवेद्य झाकून ठेवावा, देवघराला दार लावावे, ते आपले काम, मांजराचे नव्हे. राहिले दाराचे पावित्र्य. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते आणि देव नसेल तेथे माझे पाय ठेव म्हणाले, ही कथा आपल्याकडे औंढ्या नागनाथाची म्हणून सांगतात. ती कीर्तनात ऐकून मान डोलावायची आणि घरी येऊन सहा इंच भोकाने दार बाटले म्हणायचे, हे जुळत नाही. परदेशातही पाहा. इंग्लंडात एक्सेटर गावी ख्रिस्ती लोकांचे एक मोठे जुने मंदिर आहे. तेथल्या प्रचंड घड्याळाच्या दोरांना चरबी लावीत, तिच्या वासाने उंदीर येत. म्हणून सुमारे चारशे वर्षांपूर्वी तेथील धर्मगुरूने घड्याळाकडे जाणाऱ्या दारालाच मांजरासाठी गोल भोक पाडवले. ते आजही आहे. त्याच मंदिराच्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या हिशेबांत मांजराच्या नावाने दर तिमाहीस तेरा पेन्स खर्च टाकलेला आढळतो. त्यांच्या देवाला त्या भोकाने काही उणेपणा आला नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. "आम्ही माळकरी. मांजर उंदीर मारतं, चिमणीचं पिलू धरतं. त्याला वाट करून देणं म्हणजे हिंसेला दार उघडून देणं नाही का?" याचे उत्तर सोपे नाही, आणि सोपे असल्याचे आम्ही भासवणार नाही. उंदीरही विठ्ठलाचाच जीव. पण विचार करा. मांजराच्या देहाला टॉरिन नावाचे एक द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. ते मांसात असते, भाकरीत नसते. फार दिवस मिळाले नाही तर त्याची दृष्टी जाते, काळीज बिघडते. नुसत्या दूधभाकरीवर मांजर जगत नाही. मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचतही नाही. माळकरी घरात मांस शिजणार नाही, हे योग्यच. पण मग त्याच घरात मांजराला कोंडून ठेवणे म्हणजे आपले व्रत त्याच्या पोटावर लादणे होय. एकादशी आपली, मांजराने ती धरलेली नाही. माळ आपल्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. देवाने त्याला जसे घडवले तसे ते बाहेर जाऊन आपले पोट भरील आणि आत येऊन आपल्या कुशीला निजेल. आपले व्रत आत अभंग राहते, त्याचा स्वभाव बाहेर राहतो, आणि मधली ती झडप दोघांचाही मान ठेवते.

ज्या घरात मांजर नसते तेथे उंदराला अभय मिळते असेही नाही. तेथे विषाच्या वड्या येतात, चिकट पुठ्ठे येतात. चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन् तास तडफडतो. काही विषे अशी असतात की मेलेला उंदीर खाणारे घुबडही दगावते. तरीसुद्धा हिंसा ती हिंसाच. ती कमी करणे आपल्या हाती आहे. मांजर अधिक शिकार दिवेलागणीला आणि पहाटे करते. तेव्हा हरिपाठाच्या वेळेला त्याला खायला घालून आत घ्यावे आणि रात्री झडप लावून टाकावी. पाखरांची पिले घरट्याबाहेर पडण्याच्या दिवसांत तर हे कटाक्षाने करावे. प्रश्न यानेही पुरता सुटत नाही. संसारात राहून हिंसा शून्यावर येत नाही. ती आपल्या नजरेआड न होऊ देणे आणि कमी कमी करीत जाणे एवढेच साधते.

तिसरा आक्षेप कारभाऱ्यांचा, आणि तो अगदी व्यवहारातला. "झडपेतून साप आला तर? चोर आला तर?" मृगापासून पुढे आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस निघतात; ही थट्टेची बाब नाही. म्हणून काम नीट करून घ्यावे. भोक सुमारे सहा इंच रुंद व सात इंच उंच पुरते. मांजराच्या खांद्याजवळचे हाड दुसऱ्या हाडांना घट्ट जोडलेले नसते, त्यामुळे जेथून डोके जाते तेथून बहुधा अंगही जाते. भोकाची खालची कड जमिनीपासून चार-सहा इंच वर, मांजराच्या पोटाच्या उंचीला असावी. कडीकोयंड्यापासून ते इतके दूर असावे की हात घालून कडी काढता येऊ नये. झडप वरून बिजागरीवर टांगलेली, आतबाहेर दोन्हीकडे हलणारी, हलकी असावी. आतल्या बाजूने सरकती फळी बसवावी आणि अंधार पडल्यावर ती न चुकता लावावी. दार लोखंडी असेल तर कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात, नाहीतर मैत्र करायला जावे आणि जखम द्यावी असे होईल. पहिले काही दिवस झडप दोरीने वर बांधून ठेवावी आणि पलीकडे घास ठेवावा. मांजर आपोआप शिकते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी. त्याचे नसबंदीचे शस्त्रकर्मही करून घ्यावे, म्हणजे पिले पोत्यात भरून गावाबाहेर सोडण्याचे पाप कपाळी येत नाही.

आता आपल्या वारीकडे वळू. आषाढीला नर्सीहून नामदेवरायांची पालखी पंढरीची वाट धरते, शेगावची पालखीही आपल्या जिल्ह्यातून जाते. घरेच्या घरे कुलूप लावून निघतात आणि कित्येक दिवस परतत नाहीत. अशा वेळी मांजर आत राहिले तर कोंडून मरते, बाहेर राहिले तर पावसात दाराशी बसून राहते. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळलेल्या जनावराला भुकेने-तहानेने तळमळावे लागेल अशा स्थितीत कारणावाचून टाकून जाणे हा गुन्हा ठरवला आहे. पण वारकऱ्याला कायदा कशाला दाखवावा? ज्याच्या पायाखाली पंढरीची वाट आहे त्याच्या मागे कोणाचे तरी रडणे राहू नये, एवढे त्याचे त्याला कळते.

येथे मात्र एक सावधगिरीची सूचना आहे, आणि हा सगळा लेख आम्ही तिच्यासाठीच लिहिला म्हटले तरी चालेल. झडप बसली की आपले उठणे संपते. मांजर ओरडत नाही, म्हणून आठवतही नाही. सोय झाली की काळजी झोपी जाते. म्हातारे आईबाप वेगळ्या खोलीत सर्व सोयींनिशी राहतात आणि दिवसेंदिवस त्यांच्याशी कोणी बोलत नाही, असे आपण पाहतोच. खोली दिली म्हणजे माणूस दिले असे होत नाही. तसेच मांजराचे. वाट मोकळी केली म्हणजे आपले कर्तव्य फिटले असे मानणारा मनुष्य, चिडून का होईना पण उठून दार उघडणाऱ्यापेक्षा मागे पडला. म्हणून झडप बसवावी, पण रोज संध्याकाळी ते आत आले की नाही हे पाहावे, वाटीत पाणी आहे का पाहावे, लंगडते का पाहावे. वारीला निघताना शेजारच्या माउलीला हाक मारून सांगावे, "माय, तेवढं पाणी बघत जा, अन् रातच्याला फळी लावत जा." शेजारीण बघते म्हणाली, की निश्चिंत मनाने पताका खांद्यावर घ्यावी.

तात्पर्य, नवे घर बांधणाऱ्याने सुताराला अगर लोहाराला दाराचे माप देतानाच ही लहान दिंडी सांगून ठेवावी. मागाहून भोक पाडण्यापेक्षा ते स्वस्त पडते, आणि घर बांधतानाच ज्याची आठवण झाली तो जीव त्या घरात पाहुणा राहत नाही.

रामकृष्ण हरि.