औषधांची पिशवी आणि तवक्कुल

अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाने संकट येण्यापूर्वीच त्याची तयारी करून ठेवणे, हे ईमानाच्या दुर्बलतेचे लक्षण मानावे काय? प्रश्न जुना आहे. परंतु ज्या घरात इन्सुलिनवर जगणारी माता आहे, आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाणारा पिता आहे किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रातून प्राणवायू घेणारे वृद्ध आजोबा आहेत, त्या घरात हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता उरत नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

वाचकहो, 22 जुलै 2021 चा दिवस आठवा. त्या दिवशी वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड पाण्याखाली घातले. बाजारपेठा बुडाल्या, वीज गेली, मोबाइल बंद पडले, रस्ते तुटले. निरोगी माणूस अशा वेळी माळ्यावर बसून एक-दोन दिवस अन्नावाचून काढू शकतो. ज्याचे शरीर औषधावर चालते, त्याला मात्र ही सवलत नाही. अपस्माराचे औषध एकाएकी थांबले तर झटके पुन्हा येऊ शकतात. डायलिसिस चुकले तर शरीरात पाणी व पोटॅशियम साचत जाते. म्हणजे पूर सर्वांना एकच असला, तरी त्यातला धोका सर्वांना सारखा नसतो.

आता कुरआनकडे वळू या. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांनी राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, तेव्हा येणाऱ्या दुष्काळाची वार्ता देऊन ते थांबले नाहीत. सात वर्षे पीक घ्या, खाण्यापुरते काढून उरलेले धान्य कणसातच राहू द्या, असा मार्ग त्यांनी दाखविला. धान्य साठवावे एवढेच नव्हे, तर ते कसे साठवावे हेही अल्लाहच्या एका प्रेषिताने सांगावे, यात मोठा बोध आहे. हिजरतच्या प्रसंगी खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सौर गुहेतील मुक्काम, तेथे पोहोचणारे अन्न, शहरातील बातमी आणि रस्ता जाणणारा वाटाड्या या सर्वांची आधीच व्यवस्था केली होती. त्यांच्याहून अधिक तवक्कुल कोणाचे असणार? उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. औषधावर जगणाऱ्या माणसाच्या घरी तो उंट म्हणजे औषधांची पिशवी होय.

तरीही मनात एक शंका उरते: जे तकदीरमध्ये आहे ते टळणार आहे काय? शामच्या प्रवासात प्लेगची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय, असे विचारले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय होता. रोग अल्लाहच्या तकदीरमधून येतो, तसे औषधही त्याच तकदीरमधून येते. पूर त्याच्या हुकमाने येतो, आणि पुराच्या आधी विचार करण्याची बुद्धीही त्यानेच दिलेली असते.

आपल्या घरातील वडीलधारी माणसे पुष्कळदा म्हणतात, "माझी काळजी करू नका, माझा अल्लाह आहे." या शब्दांमागे श्रद्धा असते, तसा मुलांवर भार न होण्याचा संकोचही असतो. दोन्हींचा आदर करावा. पण त्यांना नम्रपणे हेही समजावून सांगावे की घरात इन्सुलिन संपले, तर मुलगा स्वस्थ बसणार नाही. तो छातीभर पाण्यातून औषधाच्या दुकानाकडे निघेल. एकाच्या तयारीचा अभाव दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. स्वतःला किंवा इतरांना अपाय होऊ देऊ नये, हा आपल्या शरीअतचा सर्वमान्य नियम आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि तिचा आपल्यावर हक्क आहे. म्हणून ही तयारी कर्तव्यात मोडते. तिला भित्रेपणा म्हणता येत नाही.

मग साठा करणे आणि साठेबाजी यांत फरक काय? प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवीत, असे हदीसमध्ये आले आहे; आणि लोकांच्या गरजेची वस्तू दडवून ठेवणाऱ्याचा त्यांनी निषेधही केला आहे. सीमारेषा स्पष्ट आहे. आपल्या रुग्णाला लागणारी दोन-चार आठवड्यांची औषधे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पाऊस सुरू होण्याआधी घेऊन ठेवणे ही तरतूद होय. पुराची बातमी येताच दुकानातील सारा माल उचलणे हा दुसऱ्या रुग्णावर अन्याय होय. ज्याला जास्तीची औषधे परवडत नाहीत, त्याची जबाबदारी जमाअतवर येते. जकात-सदक्याचा विचार करताना अशा गरजू रुग्णाचे नाव आपल्या मनात यायला हवे.

ही तयारी फार अवघड नाही. जलरोधक पिशवीत औषधे ठेवावीत. जुनी आधी वापरून त्यांच्या जागी नवी ठेवावीत, म्हणजे मुदत उलटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, औषधांची नावे, मात्रा व वेळा, ॲलर्जी, रक्तगट आणि नातेवाइकांचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवावेत. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. वीज गेल्यास ओल्या मातीच्या मडक्यात डबी ठेवून गारवा टिकविता येतो. बर्फाला मात्र ते थेट लावू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालत असेल, तर पर्यायी सिलिंडरची सोय आधीच विचारून ठेवावी. जादा चष्मा, कानाच्या मशीनचे सेल, कुबड्या यांचा विसर पडू नये. डायलिसिसच्या रुग्णाने केंद्र बंद पडल्यास कोठे जावे आणि तोवर काय खावे-प्यावे, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे. मदतकार्यात आपण प्रेमाने केळी आणि शहाळी वाटतो. त्यांत पोटॅशियम भरपूर असल्याने तीच अशा रुग्णाला घातक ठरू शकतात. सेवेलाही ज्ञान लागते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका, 112 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. अपंग व्यक्तींची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवावी, असे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात म्हटले आहे. ती नोंद झाली आहे की नाही, हे आपण विचारले पाहिजे.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र पिशवीत मावत नाही. आपण आजार लपवितो. मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून तिचा अपस्मार, लोक काय म्हणतील म्हणून वडिलांचा मूत्रपिंडाचा विकार आपण शेजाऱ्यालाही कळू देत नाही. कोकणातील कितीतरी घरांत मुलगे आखातात आणि वृद्ध माता-पिता गावी, अशी स्थिती आहे. पाणी चढेल तेव्हा आखातातला मुलगा पोहोचणार नाही. शेजारी पोहोचेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पण कोणत्या खोलीत कोण अंथरुणाला खिळून आहे, हे त्याला ठाऊक तर हवे! घराण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा जीव मोठा आहे. किमान एका विश्वासू शेजाऱ्याला हे सांगून ठेवा. आणि ज्याला सांगितले जाईल, त्याने ती गोष्ट अमानत म्हणून जपावी. चारचौघांत तिची चर्चा करू नये. शेजाऱ्याच्या हक्काविषयी हजरत जिब्रील (अलै.) यांनी प्रेषितांना (स.) इतका आग्रह केला की तो वारसदारच ठरविला जाईल, असे त्यांना वाटू लागले. मशिदीच्या जमाअतनेही आपल्या मोहल्ल्यातील अशा घरांची माहिती एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी.

एवढे करूनही सर्व काही आपल्या हाती येत नाही. ज्यांची माणसे पुरात गेली, त्यांना तयारीच्या अभावाचा दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. पाण्याचा वेग कित्येकदा माणसाच्या योजनेहून मोठा असतो. आपल्याकडे मागितला जाईल तो प्रयत्नाचा हिशेब. परिणाम अल्लाहच्या हाती आहे.

म्हणून वाचकहो, पुढील जुमाच्या आत आपल्या घरातील रुग्णाजवळ बसा. त्यांना काय लागते, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि लिहून घ्या. पिशवी भरून झाली की ती उंच जागी टांगा, आणि मग दुआसाठी हात उचला. अल्लाह आपल्या रुग्णांना शिफा देवो, आपल्या वस्त्यांचे रक्षण करो आणि एकमेकांच्या उपयोगी पडण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.