तीच का ही गाडी?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्याच्या गळ्यात कोणी बांधली कोणास ठाऊक; पण ती ऐकून आम्ही परभणीकर रागावत नाही. मला तर तिच्यात एक बेफिकिरी दिसते आणि ती आवडतेही. जमले तर उत्तम. न जमले तर आपले घर आहेच, तिथे बसून पुन्हा जमवू. ही वृत्ती हाडामांसाची झालेली पाहायची असेल तर सेलूला आमच्या मामांकडे जावे. वाड्याच्या ढाळजेला लागून एक पत्र्याचे छप्पर आहे. पूर्वी तिथे दमणी सोडलेली असे. आज तिथे १९६२ सालची फियाट ११०० उभी आहे, आणि बहुतेक वेळा तिच्या पोटाखालून मामांचे दोन पाय बाहेर आलेले असतात. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर.

मुंबईकडे या जातीच्या मोटारीला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिचे गोल अंग आणि पुढे आलेले नाक पाहिले की नाव ठेवणाऱ्याला दोष देववत नाही. मामांच्या देखत मात्र हा शब्द काढू नये. त्यांच्या लेखी ती स्पोर्ट्‌स मोटार आहे. या म्हणण्याला ते इतिहासाचा आधार देतात, आणि तो आधार अगदीच पोकळ नाही. १९५३ साली इटलीत फियाट कंपनीने याच ११०० मोटारीची एक जलद आवृत्ती काढली. ‘तुरिस्मो वेलोचे’ हे तिचे नाव. पुढे १९५५ मध्ये त्याच सांगाड्यावर दोन माणसांची उघडी मोटारही निघाली. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी म्हणजे त्याच घराण्यातली साधीभोळी बहीण. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर लोक असल्याच घरगुती गाड्यांवर नाना करामती करून त्या शर्यतीत उतरवीत. त्या बातम्या वाचून तरुणपणी मामांनी परभणीच्या एका लेथवर इंजिनाचे हेड घासून घेतले आणि सायलेन्सरचा नळ रुंद केला. एकदा आपण मनमाडच्या मीटरगेज गाडीला मागे टाकले असे ते सांगतात. ती गाडी त्या वेळी मानवत रोडच्या स्टेशनात उभी होती, असे मामींचे म्हणणे आहे.

आजोबांनी ही मोटार कापसाच्या एका चांगल्या वर्षी घेतली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि एकदा घरात आलेली मोटार विकायची असते ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. तेव्हापासून आजतागायत तिच्यातले काय काय बदलले याचा हिशेब मामांपाशी एका वहीत आहे. पिस्टन दोनदा, क्लचच्या प्लेटा किती तरी वेळा, पुढच्या दोन्ही दारांचे तळचे पत्रे, आसनांचे कापड, सगळ्या वायरी. २००० साली देशभर शिसे नसलेले पेट्रोल आले. जुन्या इंजिनात झडपांच्या बैठकांना शिशाचाच आधार असे, म्हणून त्या बैठका कठीण पोलादाच्या करून घ्याव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल आले आहे. उसाच्या जिल्ह्यात राहून उसाच्या दारूविरुद्ध बोलणे बरे नव्हे, पण तिने जुने रबर फुगते आणि भेगाळते. तेव्हा पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. मला या नोंदी वाचताना गंमत वाटते ती ही की, यांतला एकही बदल हौसेचा नाही. बाहेरचे जग बदलले आणि गाडीला जशी होती तशी राहता यावे म्हणून आतून बदलावे लागले. एक तसूही न बदलता ती राहिली असती तर कधीच पेटून गेली असती.

गेल्या वर्षी मामांचे निवृत्त होऊ घातलेले चिरंजीव, म्हणजे माझे मामेभाऊ, पुण्याहून कायमचे घरी आले आणि त्यांनी गाडीत लक्ष घातले. मामेभाऊ अभियंते आहेत. त्यांनी एका कागदावर सुधारणा लिहून काढल्या: डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठिणगी, चांगले दिवे, पुढे डिस्कचे ब्रेक, यांत्रिक पंपाऐवजी विजेचा पंप, आणि शेवटी, जरा दबकत, एक नवे इंजिन.

मामांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“हे समदं केल्यावर मग आपली गाडी ऱ्हायली कुठं?” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही पिस्टन दोनदा बदलले तेव्हा ती राहिलीच की!”

“ते बदललं. हे काढून टाकणं आहे.”

बदलणे आणि काढून टाकणे. हा भेद करताना मामांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. मी मात्र त्या रात्री माळवदावर पडून पुष्कळ विचार केला. हा वाद जुना आहे. मिलिंद नावाच्या ग्रीक राजाने नागसेन भिक्षूला गाठून प्रश्न विचारले, त्यांचा पाली भाषेतला ग्रंथ प्रसिद्ध आहे. आमच्या मराठवाड्याला तर तो राजा परका नाही; डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे. राजा भिक्षूला भेटायला रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले, रथ म्हणजे काय? जू म्हणजे रथ काय? आस? चाके? धुरा? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग या सगळ्यांहून निराळा असा रथ कुठे आहे काय? तोही नाही. तेव्हा ‘रथ’ हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले केवळ नाव आहे, असे उभयतांनी ठरविले, आणि माणसाचेही तसेच, असे नागसेनाने पुढे सांगितले.

ग्रीकांनी हाच प्रश्न एका जहाजाविषयी विचारला. थीसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्सकरांनी जपून ठेवले. फळी कुजली की नवी बसवीत. सगळ्या फळ्या नव्या झाल्यावर जहाज तेच का, यावर तेथील तत्त्वज्ञ भांडत, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात आणखी काडी घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

हॉब्जने सेलूचा वाडा पाहिला असता तर त्याला दृष्टांत रचावा लागला नसता. मामांनी गाडीतून काढलेली एकही वस्तू टाकलेली नाही. सागवानी पेटीत प्रत्येक भाग तेल लावून, फडक्यात गुंडाळून, तारखेची चिठ्ठी बांधून ठेवलेला आहे. दर खंडेनवमीला पान्या-हातोड्यांबरोबर या पेटीलाही हळदकुंकू लागते. त्या पेटीतल्या मालाची अर्धी मोटार सहज उभी राहील. मात्र ती चालणार नाही.

मामींना या चर्चेचा कंटाळा येतो. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत धातूचे सांधे बसविलेले आहेत आणि डोळ्यांत दोन भिंगे. “मला तर कुणी इचारलं नाही, तीच का म्हणून,” त्या म्हणाल्या, “चहा मात्र त्याच वेळेला मागतात.” मला वाटते नागसेनाच्या सभेत एखादी मामी असती तर ग्रंथ बराच आटोपशीर झाला असता.

पण मामींच्या या बोलण्याने मला एक गोष्ट उमगली. नागसेनाने रथाचे अवयव मोजले आणि रथाचे नाव पाहिले. त्या रथाला वंगण कोण घालीत होते हे त्याने विचारले नाही. आमच्याकडे बैलगाडीखाली वंगणाचे एक नळकांडे लटकत असे. सुताराने आरे बदलले, लोहाराने धाव बदलली, जू नवे आले, बैल तर दोन-तीन जोड्यांनी बदलले, तरी गाडी ‘आपली’ राहिली, कारण ते नळकांडे रिकामे होऊ द्यायचे नाही हा घरचा नेम होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि जुनी मोटार भर रस्त्यात मान टाकते. मामा अशा वेळी पंपावर ओले फडके गुंडाळतात आणि तांब्यातले पाणी थेंब थेंब सोडीत उभे राहतात. त्या गाडीत अखंड टिकलेली वस्तू कोणती असे मला कोणी विचारले तर मी तो तांब्या दाखवीन.

तरीही एवढ्यावर मामांच्या बाजूने निकाल देण्याची मला घाई करवत नाही. जपणुकीलाही एक आंधळेपणा असतो. स्वतःच्या वस्तूवरचे माणसाचे प्रेम पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्चाने चालते. या गाडीच्या इंजिनाला धूर शुद्ध करणारे कोणतेही यंत्र नाही. तशी यंत्रे आपल्याकडे पेट्रोलच्या मोटारींना १९९५ पासून, तीही आधी मोठ्या शहरांत, येऊ लागली. शेजारच्या घरी दम्याचे एक म्हातारे आहेत. आणि बोळातून शाळेची पोरे पळत असतात, त्यांना हिचे ब्रेक कोणत्या सालचे आहेत हे ठाऊक नसते. “मूळचे आहेत,” असे अभिमानाने सांगणे आरशाबद्दल शोभते, ब्रेकबद्दल नाही. ज्या सुधारणेचा लाभ रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मिळणार, ती करावी की न करावी हा मालकाच्या रसिकतेचा प्रश्नच नव्हे. उलट, रुंद सायलेन्सर ही मामांच्या तरुणपणची सुधारणा केवळ त्यांच्या कानांसाठी होती आणि तिचा त्रास गल्लीला होता. ‘सुधारणा’ हा शब्द आपण या दोहोंना सारखाच लावतो, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

आता कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल, तिच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. मग मात्र तिला रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, इतपतच. म्हणजे देवघरातला देव व्हायचे आणि वर्षातून एकदा पालखीत बसायचे. हा मान मामांनी नाकारला. त्यांना पोळ्याला शिंगे रंगवून घेणारा आणि दुसऱ्या दिवशी औताला जाणारा बैल हवा आहे. दुसरीकडे, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोटार कायद्याचे कलम सांगून बजावले आहे. म्हणून डिस्कच्या ब्रेकविषयी परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय पाना उचलू नका, असे मी मामेभावाला सांगितले. मुंबईत तर केवळ वयाचा हिशेब झाला: पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ हा ठरला, वीस वर्षे भरली म्हणून. ती ही आमच्या फियाटचीच धाकटी बहीण. तिच्या चालकाने तिला कशी ठेवली होती हे विचारायला नियमाला सवड नव्हती, आणि लाखो गाड्यांच्या शहरात ती असणेही कठीण आहे, हे मी कबूल करतो.

उरले इंजिन. नव्या इंजिनाने धूर कमी होईल, गाडी घाटात दमणार नाही, मामेभावाला निश्चिंतपणे पंढरपूरपर्यंत जाता येईल. दुसऱ्याच्या हिताची माझीच कसोटी लावली तर पारडे त्यांच्याकडे झुकते, आणि हे मला स्वतःलाच अडचणीचे आहे. पण मामांना त्या इंजिनाचा आवाज ऐकूनच कोणती झडप कुरकुरते ते कळते. नवे इंजिन बंद पेटीसारखे येईल. ते बिघडले की पुण्याला पाठवायचे. तेव्हा घरच्या माणसाचे हात रिकामे होतील. गाडी सुधारेल आणि तिला सुधारणारा माणूस निकामी होईल, अशा सुधारणेला काय म्हणावे? शेजारच्या म्हाताऱ्यांचा दमा आणि मामांचे हात ही दोन मापे एका तराजूत घालण्याची मला हिंमत होत नाही. मामांनी आपल्यापुरता तोड काढला आहे. गाडी बोळात सुरू करायची नाही. ते आणि मामेभाऊ ती ढकलत हमरस्त्यापर्यंत नेतात आणि तिथे चावी फिरवतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

बाकीच्या कागदावर बापलेकांत हळूहळू तडजोड होत गेली. दिवे बदलले. ब्रेकच्या परवानगीचा अर्ज गेला आहे. तोवर जुन्या ड्रमांना नवे अस्तर आणि नव्या नळ्या लागल्या. विजेचा पंप मामांनी नाकारला. तांब्या शाबूत आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी डायनामो उतरला. मामेभावाने तो भंगाराच्या पोत्याकडे नेला होता, पण वाटेत थांबला, रॉकेल शोधून आणले, दिवाणखान्याच्या पायरीवर बसून तासभर तो घासला, त्याला तेल लावले आणि मामांकडे फडके मागितले. चिठ्ठीवर तारीख मात्र मामांनी स्वतःच्या हाताने घातली. पेटीत जागा नव्हती. दोघांनी मिळून पिस्टन एका बाजूला सारले.